साडी निवडायला

परवा पेणच्या बाजारपेठेतून जाताना कोऱ्या कापडाचा, खळीचा वास आला आणि नव्वदच्या दशकातली एक दुपार आठवली. माझी मैत्रीण रोह्याजवळच्या कातकरी वाडीतली. शाळेत आम्ही एकाच बाकावर बसायचो. पुढे तिला बालवाडीवर शिकवायची नोकरी लागली. पहिल्या पगारातून आईसाठी साडी घ्यायची म्हणून तिने मला पेणला बोलावलं. "निवडायला चल गो माझ्यासंगं," म्हणाली. माझी नजर चोखंदळ, म्हणूनच मला बोलावलं, असं धरून मी खुशीत एसटीत बसले.

दुकान माझ्या ओळखीचं होतं. तिथले मालक फार गोड माणूस, असं मी घरी नेहमी सांगत असे. त्यांनी मला गादीवर बसवलं, पाणी मागवलं. तिला म्हणाले, "तू पायरीवर थांब." माझ्या गोऱ्या रंगावरून आणि तिच्या काळ्या रंगावरून त्यांनी मला मालकीण ठरवलं होतं नि तिला मोलकरीण.

"साडी तिलाच घ्यायचीय," मी म्हटलं. ते ओशाळून हसले, तिला आत येऊ दिलं आणि हलक्या साड्यांचा गठ्ठा पुढे ओढला. तिने वरच्या फळीवरच्या जांभळ्या साडीकडे बोट दाखवलं. ती उलगडली गेली, पण माझ्यापुढे. तिने पदराला हात लावताच ते म्हणाले, "हात स्वच्छ आहेत ना?" एसटीत भजी खाऊन तेलकट झालेले हात माझे होते. मी मघापासून साडी चाचपत होते. मला कुणीच काही विचारलं नव्हतं.

तिने जांभळीच घेतली. बाहेर आल्यावर मी त्या माणसाला नावं ठेवू लागले. ती शांतपणे म्हणाली, "त्याचं काय नवं नाय. एकटी आले तर पायरीवरनंच भाव सांगतो. तू संगं हायस म्हणून तर आत घेतलान. त्यासाठीच आणली तुला."

इतकी वर्षं ज्याला मी त्या माणसाचा गोडवा समजत आले, तो माझ्या कातडीला मिळणारा मान होता. तो मी मागितला नव्हता, मिळवला नव्हता. नको म्हणून परतही करता येत नव्हता.

तेव्हापासून ते दिसू लागलं, एवढंच. आजही डोक्यावर मोळी घेतलेली एखादी बाई माझ्याआधी दुकानाशी उभी असते आणि दुकानदार मलाच विचारतो, "ताई, काय देऊ?" कधी मी म्हणते, आधी त्यांचं बघा. कधी एसटी सुटायची वेळ झालेली असते. मग मी पिशवी पुढे करते, आणि ती बाई बाजूला सरकते.