गठ्ठे न उघडता लागलेला निकाल

त्या गुन्ह्यातलं आरोपीचं एक उत्तर अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मी खुनाचे तपास केले, तिथंही इतका धक्का बसला नव्हता.

मी तेव्हा शिरूरला सहायक पोलीस निरीक्षक होते. सकाळची हजेरी आटोपून बसते तोच बाहेर आवाज चढले. रांजणगावच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारी मुलगी वडिलांना घेऊन आली होती. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला ती नापास झाली होती. पदवी हातात पडली तर कंपनी तिला अकाउंट्समध्ये कायम करणार होती.

ठाणे अंमलदार हसत होते. "ताई, नापास झाल्याची फिर्याद घ्यायला लागलो तर ठाण्यात उभं राहायला जागा उरायची न्हाई."

"मामा, तुम्ही लिहून घेताय का मी मॅडमकडं जाऊ?"

वडील शेवंती पिकवणारे. ते मला म्हणाले, "फुलांचा तोडा सोडून आलोय मॅडम. ही म्हणती, मी नापास होऊच शकत न्हाई. घरात हिच्याम्होरं कुणाचं चालत न्हाई, तुम्हीच बघा आता."

मुलीने संकेतस्थळावर फेरतपासणीचा अर्ज केला होता. उत्तर आलं नाही, म्हणून ती थेट विद्यापीठात जाऊन थडकली. तिथं सांगितलं, हा परीक्षा क्रमांक आमचा नाही. तिला वाटलं, यांनी आपलं रेकॉर्ड हरवलं.

मी तिने दाखवलेलं संकेतस्थळ उघडलं. बोधचिन्ह, इमारतीचा फोटो, कुलगुरूंचा संदेश, सगळं जागच्या जागी. विद्यापीठाला फोन केला. ते म्हणाले, हे स्थळ आमचं नाहीच. पत्ता हुबेहूब, शेवटची अक्षरं तेवढी वेगळी होती.

"पण मी परीक्षा दिली," ती म्हणाली. दर रविवारी एसटीने ती दौंडच्या केंद्रावर वर्गाला जायची. परीक्षा तिथल्याच एका मंगल कार्यालयात झाली. हॉल तिकीट होतं, पर्यवेक्षक होते, कॉपी करणाऱ्याला उठवलंही होतं. आमच्या अंमलदारांचं हसू थांबलं. पैसे घेऊन पदवी विकणारे आम्ही पाहिले होते. मुलांना नापास करणारं बोगस विद्यापीठ कुणी पाहिलं नव्हतं. आणि म्हणूनच कुणाला संशय आला नव्हता.

गुन्हा दाखल केला. जिल्ह्याच्या सायबर पथकाने तो पत्ता कुणी विकत घेतला आणि परीक्षा शुल्क कुठल्या खात्यात जातं, हे शोधलं. दोन्ही माग दौंडचं ते केंद्र चालवणाऱ्या क्लासचालकापाशी पोचले.

माणूस शांत, इस्त्रीच्या शर्टातला. "मी नुसता केंद्रचालक आहे मॅडम. वरून जे येतं ते मुलांना देतो." बराच वेळ हेच. तेवढ्यात झडतीला गेलेल्या शिपायाचा फोन आला. क्लासच्या मागच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सापडले होते. पंचांसमोर पाहिलं तर एकाचंही सील तुटलेलं नव्हतं.

मी त्याला विचारलं, "पेपर उघडलेच नाहीत, मग नापास कोण, हे ठरवलं कसं?"

तो वर्गात शिकवावं तसं समजावू लागला. "सगळेच पास झाले तर लोकांना शंका येते. थोडे नापास लागतात. पोरगा नापास झाला की बाप चार माणसं घेऊन येतो. पोरगी नापास झाली की घरचे म्हणतात, बास झालं, लग्न उरका. म्हणून मुलीच घ्यायचो."

माझ्या शेजारी जबाब लिहून घेणारी महिला शिपाई लिहायची थांबली. मी तिला म्हटलं, "लिही. शब्द न् शब्द लिही."

साक्षीसाठी नापास ठरलेल्या बाकीच्या मुली शोधल्या. बहुतेकींची लग्नं झाली होती. एक कुरकुंभला भेटली, नवरा तिथल्या कंपनीत शिफ्टला. मी सांगितलेलं तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी माझा पेपर कुणी वाचलाच न्हाई?"

"नाही."

"लग्नात आत्या म्हणल्या, नापास पोरीला हे स्थळ मिळालं हेच नशीब. आन् मी मान खाली घालून बसले." मग म्हणाली, "मॅडम, आमच्या आबांना तुम्ही सांगता? माझं खरं वाटायचं न्हाई त्यांना."

तिच्याच फोनवरून मी तिच्या वडिलांना सगळं सांगितलं. स्पीकर चालू होता.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "पण आता काय करायचं? लगीन तर झालंय."

तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि बंद केला. मग जबाब ओढून सही केली.

दोषारोपपत्र वेळेत गेलं. शिरूरच्या मुलीने खऱ्या विद्यापीठात पुन्हा पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. तिची जुनी उत्तरपत्रिका गठ्ठ्यासकट मुद्देमालात आहे, ती तिला देता येत नाही. त्या माणसाने आमची घरं बरोबर ओळखली होती, चुकला तो एकाच घरात. त्यानंतर फसवणुकीच्या प्रत्येक तपासात कोण तक्रार घेऊन आलं, हे मी नंतर पाहायचे. कोण येणार नाही, ते आधी शोधायचे आणि त्यांच्या दारात जायचे.