एकवीस मिनिटांचा कोट

"म्हणजे मी कामात ढिली आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?" सूनबाईनं विचारलं.

"तुला कुठं बोलतोय? मी त्या डबड्याला बोलतोय," सासरे म्हणाले. "एका कोटाची फाईल यायला एकवीस मिनिटं. तेवढ्यात मी कोट शिवून दिला असता."

"तू?" त्यांची थोरली बहीण कॉम्प्युटरच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "आधी शर्टाचं बटण लावून दाखव."

घरात सगळे तिला आत्याच म्हणत. गेली सव्वीस वर्षं ती शिंप्यांना कपड्यांचे नमुने आखून देत होती. आधी कागदावर, मग या जुन्या कॉम्प्युटरवर. आखायचा प्रोग्रॅम फक्त त्याच्यावरच चाले, कारण त्याची आतली घडणच निराळी. नमुना तयार झाला की तो वायरीतून सूनबाईच्या नव्या कॉम्प्युटरवर जाई आणि तिथून कागद कापायच्या यंत्रावर. पूर्वी मिनिटाभरात जायचा. वर्षभर मात्र त्याची गोगलगाय झाली होती आणि गिऱ्हाइकं दारात ताटकळत होती. आत्याच्या भावानं तो जुना कॉम्प्युटर न्यायला शनिवारी भंगारवाल्याला सांगूनही टाकलं होतं.

मशीन गेलं की खुर्ची जाणार, आणि मग दिवसभर टीव्हीसमोर बसून शेंगा सोलायच्या, हे आत्याला दिसत होतं. सूनबाईनं दोनदा विचारलं होतं, "मला शिकवाल का आखायला?" दोन्ही वेळा आत्या म्हणाली होती, "बघू पुढं."

"दोन्ही कॉम्प्युटरची जातकुळीच वेगळी, आत्या," सूनबाई समजुतीनं म्हणाली. "एकमेकांचं कळत नाही त्यांना."

"कळत नसतं तर काहीच पोचलं नसतं. चार ओळींची चिठ्ठी पाठवते, बघ."

चिठ्ठी पापणी लवायच्या आत पोचली.

"कळलं की. मोठ्या गोष्टीलाच अडतंय."

अंगरखा काखेत ओढत असला तर आत्या सगळ्या शिवणी कधीच उसवत नसे. एक उसवायची, घालून बघायचं, मग दुसरी. दुपारची जेवणं झाल्यावर तिनं तेच केलं. तोच कोट, तेच भिंतीवरचं घड्याळ. वायर बदलली : एकवीस मिनिटं. जिथं सगळ्या वायरी येतात त्या डबीतलं भोक बदललं : एकवीस. मग तीच वायर सूनबाईच्या जुन्या लॅपटॉपला लावून कोट तिथून पाठवला : अर्धं मिनिट.

"वायर बरी, डबी बरी," भाऊ म्हणाला. "मग मी काय वेगळं म्हणत होतो?"

आत्यानं जुन्या मशीनच्या सेटिंग उघडल्या. डबीशी बोलायची रीत 'आपोआप' नव्हती, हातानं पक्की केलेली होती : दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं. आधीची डबी मठ्ठ होती, तिला नि मशीनला दोघांनाही सगळं हातानं सांगावं लागे. ते सांगितलं होतं आत्यानंच. वर्षापूर्वी नवी डबी आली. ती प्रत्येकाला आपणहून विचारते. सगळं हातानं पक्कं असल्यानं हे मशीन उत्तरच देत नाही. मग डबी धरून चालते की एकानं बोलायचं, दुसऱ्यानं गप्प बसायचं. चिठ्ठी निभावून जाते. कोट निघाला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि तेच तेच परत सांगत बसतात.

पडदा दुसऱ्या कुणी पाहिला नव्हता. आत्यानं खुर्ची जरा बाजूला सरकवली.

"सूनबाई, इकडं ये. हे माझ्या हातचं आहे. नवी डबी आली तेव्हा मी हे बदलायला हवं होतं." तिनं सूनबाईच्या देखत 'आपोआप' निवडलं.

भाऊ घड्याळाखाली उभा राहिला. "पन्नास सेकंद," तो जरा नाराजीनंच म्हणाला.

"वर्षभर मी वायरीला शिव्या दिल्या," सूनबाई म्हणाली.

"मलाही दिल्या असशील."

"थोड्या."

आत्या हसली. संध्याकाळभर तिघांनी राहिलेले नऊ कोट कापून गुंडाळले. जेवताना भाऊ म्हणाला, "भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगतो."

"सांग," आत्या म्हणाली. "एकटीलाच माहीत असलं की असं होतं. सोमवारपासून सूनबाई सकाळी दोन तास माझ्याजवळ बसून आखायला शिकेल. तेवढ्या वेळात स्वयंपाक तू करायचास."