लग्न नसलेली पत्रिका

गोरेगावहून सेनगावला जाणाऱ्या जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. साठीचा असेल. अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर रुमालात बांधलेला बंद मोबाइल. रुमालाची गाठ तो सारखी चाचपून बघत होता.

"बिघडला का?" मी विचारलं.

"बिघडला असता तर बरं होतं."

मग त्यानं सांगितलं. मेहुण्याच्या नावानं व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. बघितली नाही तर सोयरे रुसतात, म्हणून त्यानं ती उघडली. ती पत्रिका नव्हतीच, ॲप होतं. त्या ॲपनं त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना तीच पत्रिका त्याच्या नावानं धाडली. मेहुण्याचंही तसंच झालं होतं.

मी हिंगोलीत कॉम्प्युटर शिकवतो. सोंग घेऊन आत शिरतो तो ट्रोजन, आपणहून पसरत जातो तो वर्म, असं फळ्यावर वेगवेगळ्या रकान्यांत लिहितो. इथं दोन्ही एकत्र आले होते आणि पसरले होते माणसांच्या भिडेवर. भिडेसाठी माझ्या फळ्यावर रकाना नाही.

"दुसऱ्याच्या फोनवरून सांगा ना सगळ्यांना," मी म्हणालो.

"फोनवर कोन खरं मानंल? फोननंच तर खोटं सांगितलं. म्हणून घरोघर जाऊन राहिलो."

मधल्या एका गावात तो उतरला. रस्त्यालगतच्या घरातून एक बाई पदर सावरत हसत बाहेर आली.

"या मामा. पत्रिका मिळाली तुमची."

तो अंगणातच थांबला. "उघडली का, बाई?"

"व्हय. तुमची न्हाई उघडायची, तर मग कोनाची?"