देवगिरी आणि वरंगळची पाजणी

दिल्लीची फौज दक्षिणेत उतरली तेव्हा देवगिरी आणि वरंगळचे राजे एक झाले नाहीत, आणि एकामागून एक बुडाले. शाळेत हा धडा शिकवताना मला दर वर्षी राग यायचा. म्हणून नागपुरातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीतल्या गणपतीत मी नाटकच लिहिलं. त्यात दोन्ही राजे गळाभेट घेतात आणि दिल्लीला पळवून लावतात.

खरं सांगायचं तर मला इतिहासाची एवढी पडली नव्हती. वाटणीत माग वेगळे झाल्यापासून बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते, ते मला बघवत नव्हतं. दोघंही नाटकाचे भलते शौकीन. राजाची भूमिका कोण सोडतो? बाबा देवगिरी झाले, काका वरंगळ. तालमी मात्र वेगवेगळ्या. गळाभेट दोघांनीही खांबाचीच घेतली.

प्रयोगाच्या दिवशी बाबांनी मैत्रीचं वाक्य काकांकडे न बघताच म्हटलं. काका लाकडासारखे पुढे आले. मी पडद्याआड देव पाण्यात घालून उभी होते. गळाभेट झाली, पण बाबांच्या हाती काकांच्या उपरण्याचा काठ आला आणि तो त्यांनी सोडलाच नाही. दोन बोटांत चोळून पाहिला. कापड हाती आलं की विणकराला राहवत नाही, मग तो राजा का असेना.

"कोणं विणलं गा हे?" देवगिरीने विचारलं.

"मीच."

"ढिलं पडून राहिलं. पाजणी कोणासंग केली?"

पाजणी म्हणजे ताण्याचं सूत गल्लीत लांब ताणून त्याला खळ लावायची. दोन्ही टोकांना जाणती माणसं लागतात आणि ओढ सारखी लागते. आमच्याकडे ती कायम या दोघांनीच केलेली.

"कोणासंग करू? एकट्यानंच केली," काका म्हणाले.

समोर सगळी गल्ली विणकरांची. कोणी हसलं नाही.

"मले काहून नाही बलावलं?"

"तू आला असता का, भाऊ?"

बाबांनी मान वळवली. मला वाटलं, बुडाली दक्षिण. मग ते म्हणाले, "उद्या येतो. सूत भिजवून ठेव."

मी पडदा पाडायला लावला. दिल्लीचा सुलतान झालेला शेजारी तलवार घेऊन विंगेतच राहिला आणि पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं. मला वाकून खालून जावं लागलं.