बोरन्हाण आणि सातवीच्या पाच मुली

कोलकात्यातल्या एका मुलींच्या शाळेतल्या पाच हुशार मुलींना वार्षिक परीक्षेत नापास करण्याची व्यवस्था मी एका शनिवारी दुपारी, स्वतःच्या हॉलमध्ये, स्वतःच्या हातांनी केली.

माझा हेतू वाईट नव्हता. (माझा हेतू कधीच वाईट नसतो, असं आमच्या घरात थोडं घाबरूनच म्हणतात.) विवेकची बँकेने नाशिकहून बदली केली, आम्ही कोलकात्यात दमदमला राहायला आलो आणि आमची सई सातवीत नव्या शाळेत गेली. शाळा उत्तम. बाई प्रेमळ, वाचनालय मोठं, गणवेशाची इस्त्री मोडली तरी डायरीत शेरा. पण सहा महिने झाले तरी सईला एकही मैत्रीण नव्हती. डबा ती एकटी खायची. विचारलं तर म्हणायची, "आहेत ना, खूप आहेत." नावं विचारली की तिला लगेच अभ्यास आठवायचा. मला फार वाईट वाटायचं, आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करतेच.

तर संक्रांत आली. आमची धाकटी चिनू दीड वर्षाची. सासूबाईंनी नाशिकहून हलव्याचे दागिने कुरिअर केले होते. मी ठरवलं, चिनूचं बोरन्हाण करायचं आणि सईच्या वर्गातल्या मुलींना बोलवायचं. मुली येतील, खाऊ लुटतील, खातील, आणि सोमवारी डबा खायला सईच्या शेजारी बसतील. सईला कल्पना इतकी आवडली की तिने आमंत्रणाची कार्डं स्वतः रंगवली.

बाजारात गेले. बोरवाल्याकडे टपोरी, पिवळसर बोरं होती. मी दोन किलो मागितली तेव्हा त्याने हातातला तराजू खाली ठेवला.

"दीदी, घर में कोई पढ़नेवाला नहीं है?"

मी अभिमानाने सांगितलं, है ना, सातवी में है, और पाँच लड़कियाँ भी आ रही हैं, सब मिलके खाएँगी. तो काहीतरी बोलायला लागला. आता हा भाव वाढवणार, असं वाटून मी त्याला बोलूच दिलं नाही. त्याने मुकाट्याने बोरं तोलली आणि माझ्याकडे फार दयेने पाहिलं. मला वाटलं, माणूस लाघवी आहे.

शनिवारी पाचही मुली आल्या. त्यांची पुढारी ऐंद्रिला, वर्गात कायम पहिली, दोन वेण्या आणि चष्मा. चिनू काळं झबलं आणि हलव्याचा मुकुट घालून पाटावर बसली. मी तिच्या डोक्यावर बोरं, उसाचे करवे, कुरमुरे, चॉकलेटं ओतली. मुलींनी धमाल केली. सईच्या चेहऱ्यावर असा आनंद मी नाशिक सोडल्यापासून पाहिला नव्हता.

मग माझ्या लक्षात आलं की चॉकलेटं संपली, ऊस संपला, कुरमुरेसुद्धा संपले, पण बोरं जिथल्या तिथे. लाजतायत बिचाऱ्या! आता आपल्याकडे लाजणाऱ्या पाहुण्यावर एकच उपाय असतो. मी वाटी घेऊन उठले आणि आग्रह सुरू केला. नको आंटी, नको आंटी, असं त्या म्हणाल्या. असं तर पाहुणे म्हणतातच. एकेक तरी, चिनूसाठी, असं म्हणत मी पाचही तोंडांत एकेक बोर भरवलं आणि ते गिळेपर्यंत समोर उभी राहिले.

ऐंद्रिलाने बोर गिळलं आणि ती रडायला लागली. तिच्यामागून बाकीच्या चौघी. ते पाहून चिनूने भोकाड पसरलं.

हुंदक्यांमधून जे कळलं ते असं: वसंत पंचमीला इथे सरस्वतीपूजा असते आणि तिच्या आधी विद्यार्थ्यांनी बोर खायचं नसतं. खाल्लं तर देवी कोपते आणि परीक्षेत नापास करते. इथे हे तान्ह्या बाळालाही ठाऊक असतं. फक्त सईला नव्हतं, कारण सांगायला मैत्रीणच नव्हती!

मी धीर द्यायला गेले. म्हटलं, असं काही नसतं, मी लहानपणी जानेवारीभर बोरंच खाल्ली आहेत.

ऐंद्रिलाने चष्मा पुसला. "आंटी, आप कभी फेल नहीं हुई?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून विवेकचा आवाज आला, तोही मुलींना समजावं म्हणून हिंदीत: "बारहवी में. मैथ्स. दो बार बैठी थी."

रडणं दुप्पट झालं. सईने माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. सहा महिन्यांनी मिळालेल्या मैत्रिणी मी तासाभरात घालवल्या होत्या.

संध्याकाळी ऐंद्रिलाच्या ठाकुमाचा, म्हणजे आजीचा, फोन आला. मी तीनदा माफी मागितली. आजींनी शांतपणे निकाल दिला: दोष खाणाऱ्याचा नाही, भरवणारीचा. शाळेच्या सरस्वतीपूजेला भरवणारीने उपाशीपोटी यावं आणि पुष्पांजली वाहून माफी मागावी. शिवाय मुलींनी परीक्षेपर्यंत दुप्पट अभ्यास करावा, म्हणजे देवीला नापास करणं अवघड जाईल.

मी गेले. पिवळ्या साड्या नेसलेल्या तीनशे मुलींमध्ये एकच चाळिशीची बाई, पोटात कावळे, हातात झेंडू. माझी साडी पिना लावून नेसलेली सई त्या पाचजणींच्या रांगेत उभी होती. ऐंद्रिलाने तिला हाताला धरून ओढून घेतलं होतं. दुप्पट अभ्यासाला जागा आमचाच हॉल ठरला होता, कारण संकट तिथूनच सुरू झालं होतं. दर शनिवार-रविवारी सहाजणी पुस्तकात डोकं घालून बसायच्या आणि मी खाऊ पुरवायचे. प्रत्येक बशी आधी तपासली जायची.

निकाल लागला. सगळ्या पास झाल्या, ऐंद्रिला नेहमीसारखी पहिली आणि सई सातवी. मी ओट्यापाशी जाऊन थोडं रडून घेतलं.

यंदा बोरन्हाण मी वसंत पंचमी झाल्यावर, पण रथसप्तमीच्या आत ठेवलं. संक्रांतीच्या आठवड्यात बोरवाल्याला आधीच सांगायला गेले. त्याने मला ओळखलं आणि तोच प्रश्न विचारला, घर में कोई पढ़नेवाला है?

हो म्हटलं, आहे. मी. (इथल्या रीतीभातींत पुन्हा घोटाळा नको म्हणून मी बंगालीच्या वर्गाला जाते, आणि पहिल्या परीक्षेत नापास झाले आहे.) फेरपरीक्षा फेब्रुवारीत आहे, तेव्हा बोरं पूजेनंतरच द्या.