चेतनाभाभींच्या पंपाचं दुखणं

तेल पुन्हा ताकासारखं पांढरं झालं होतं.

चेतनाभाभी पंपापुढे उकिडव्या बसल्या आणि त्याच्या पोटावरच्या इवल्याशा काचेतून आत बघत राहिल्या. सकाळीच तर नवं तेल घातलं होतं, मधासारखं, आरपार दिसणारं. जेवणं उरकेपर्यंत त्याचं ताक. तेलात पाणी शिरतंय एवढं त्यांना कळत होतं. कुठून शिरतंय आणि बाहेर का जात नाही, हे मात्र कळत नव्हतं.

वाशिमजवळच्या मालेगावात भाभींचे यजमान पारसभाऊ यांचं किराणा दुकान. दुकानामागच्या ज्या खोलीत पूर्वी साखरेची पोती असत, तिथे वर्षभरापासून भाभींचं फ्रीझ ड्रायर होतं. दिसायला फ्रिजच्या थोरल्या भावासारखं. फळांच्या फोडी आधी दगडासारख्या गोठवायच्या, मग पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते आणि फोड आहे तशी कोरडी होते, रंगासकट, वासासकट. पण सगळा खेळ पंपाच्या जिवावर. पंपाने ओढ सोडली, की बर्फ वितळणार आणि फोडींचा रबडा होणार.

आणि या खेपेला आत दुसऱ्याचा माल होता.

माल आसेगावच्या सपनाचा. तिचे सासरे दौलतराव यांची संत्र्याची बाग. दरवर्षी व्यापारी यायचा, झाडांखालून एक चक्कर मारायचा, दौलतरावांशी बोलून झाडांवरचा सगळा माल एकरकमी उचलायचा. सपनाच्या वाट्याला त्या दिवशी चहा करणं. यंदा तिने सासऱ्यांकडून चार ओळी झाडं मागून घेतली होती. संत्र्याच्या कोरड्या चकत्या करायच्या, बचतगटातल्या बायकांना कामाला घ्यायचं. नागपूरच्या एका दुकानवाल्या बाई शुक्रवारी वाशिमला नमुना बघायला येणार होत्या. पसंत पडला तर त्या चार ओळी सपनाच्या. नाही तर दौलतराव म्हणालेच होते, "मंग हा खेळ बंद. बाग व्यापाऱ्याले."

ट्रे भरून झाल्यावर सपना म्हणाली होती, "भाभी, माही सारी इज्जत तुमच्या या डब्यात ठेवून चालली मी."

ती इज्जत आता आत गोठून बसली होती आणि पंप ताक घुसळत होता.

भाभींनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? दरवाजाचं रबर पुसलं. त्यात अडकलेला केस काढला आणि वाटलं, सापडला चोर! चोर तो नव्हता. नळीचे जोड घट्ट केले. पाणी सोडायची तोटी नीट बंद आहे ना, ते पाहिलं. पंपाची मळी काढली, तेल स्टीलच्या पातेल्यात काढून खाली बसलेलं पाणी पाहिलं, नवं तेल दोन रेघांच्या मधोमध येईल असं घातलं. इतकं करून पडद्यावरचा हवेच्या दाबाचा आकडा थोडा उतरायचा आणि अडेल बैलासारखा तिथेच बसायचा.

कंपनीला फोन केला, तर तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तेल बदलून बघा."

"बाई, मी आता तेलच बदलून राह्यली! घरात फोडणीले लागत नाही एवढं तेल याले लागलं."

"मग व्हिडिओ पाठवा, मॅडम."

जळक्या मोटारींत तांब्याची तार भरून देणारा मुन्ना आला, पंपाला कान लावून डोळे मिटले, आणि निदान केलं, "भाभी, वाइंडिंग गेली." तो कोणत्याही मोटारीला हेच सांगे. पंखा अडला तरी वाइंडिंग, पाण्याची मोटर अडली तरी वाइंडिंग. भाभींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

पारसभाऊ दारातून डोकावले. "पुन्हा मालिश का? इतकी सेवा माही केली असती तं मी अजून धा वर्सं जास्त जगलो असतो."

"तुमी आधी दुकानात जा."

"जातो. पण वास येऊन राह्यला तेलाचा. गिऱ्हाईक विचारते, सेठ, साखरेत मशीनचं तेल सांडलं का? त्याच्याचसाठी तं मागच्या हप्त्यात तो पाइप भिंतीतून बाहेर काढला नं? मंग काहून येते वास?"

भाभी तोंडावर काही तरी फेकायच्या बेतात होत्या, पण हातातलं फडकं हातातच राहिलं. खरंच, वास का येतो? पंपाचा उच्छ्वास त्या पाइपातून बाहेर बोळात जातो. तो बाहेर जात असेल तर वास आत का? आणि बाहेर जात नसेल...

चपला न घालताच त्या मागच्या बोळात गेल्या.

बोळात थंडीतलं उबदार ऊन होतं. उन्हात आसन टाकून भाभींच्या सासूबाई पानाबाई सामायिकाला, म्हणजे जैनांच्या नेमाच्या ध्यानाला, बसल्या होत्या. तोंडाला मुहपत्तीची कापडी पट्टी, हातात माळ, डोळे अर्धे मिटलेले. आणि त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपाच्या तोंडाला जाड मांजरपाटाचं फडकं. नीट आठ घड्या घालून, चारही बाजूंनी चापून, सुतळीने करकचून बांधलेलं. तेलाने ओलंचिंब.

"बाई, हे काय?"

पानाबाईंनी डोळे उघडले. सामायिकात संसाराचं बोलायचं नसतं. त्यांनी बोट ओठांवरल्या पट्टीवर ठेवलं.

"बाई, हे कोणं बांधलं?"

पानाबाईंनी मान हलवली, माळेकडे बोट दाखवलं आणि पुन्हा डोळे मिटले.

भाभींनी सुतळी सोडायला हात घातला, तसे डोळे खाडकन उघडले. मान जोरजोरात नाही-नाही करू लागली. हाताने खूण झाली, थांब. भाभी थांबल्या नाहीत. गाठ निघेना म्हणून दाताने तोडली. फडकं निघालं, तसा पाइपाने भस्सकन श्वास सोडला, आणि भाभी आत धावल्या.

तेल काढलं, नवं घातलं, पंप सुरू केला. आवाजच वेगळा. मघापर्यंतची धाप गेली होती. आकडा उतरू लागला. भाभी त्याच्याकडे बघत बसल्या आणि आतल्या आत सासूबाईंना जे जे बोलायचं ते सगळं पाठ करू लागल्या.

सामायिक संपवून पानाबाई आल्या, त्या रागातच. "काहून सोडलं वं? दुसरं जाड शोधून बांधलं होतं म्या. पहिलं तं तेलकट होऊन गेलं होतं."

"पहिलं? म्हणजे आधीबी होतं?"

"मंग! पाइप निघाला त्याच दिवशी बांधलं. आपण गरम श्वास सोडतो तं हवेतले जीव मरतात, म्हून मुहपत्ती लावतो. हा तं दिवसभर फू-फू करून राह्यला. याचं पाप कोणाले लागन? तुले लागन. तुह्याच साठी बांधलं."

भाभींचं सगळं पाठांतर गेलं. "बाई, तो पंप आहे हो! त्याचा श्वास कोंडला की पाणी तेलातच राह्यते. मी इथं मरमर मरून राह्यली, अन् तुमी बाहेर..."

"मले काय मालूम? तू कधी सांगतलं का मले, हे कशानं चालते?"

भाभींनी खरं तर नव्हतं सांगितलं. त्यामुळे त्यांना आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी मशीन उघडलं तेव्हा खालचे ट्रे झकास निघाले, चकत्या काचेसारख्या, केशरी. वरचा ट्रे मात्र चिक्कीसारखा चिकटून बसला होता. सपना पोचायच्या आधी काय सांगायचं ते भाभींनी ठरवून टाकलं. लाइट गेली होती म्हणायचं. सासूची गोष्ट घराबाहेर कशाला?

सपनाने वरचा ट्रे पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "भाभी, हा काहून असा?"

"अगं, ते लाइट..."

"लाइट नाही," पानाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "म्या पाइपाचं तोंड बांधलं होतं. जीव मरू नये म्हून. तुह्या संत्र्याचं नुकसान झालं, बेटा. चेतनाची काही चूक नाही."

सपनाने वरच्या ट्रेमधला एक चिकट तुकडा नखाने उचकटला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला. "आजी, हे बी वाईट नाही. दाताले चिकटते, पण गोड आहे." खालच्या ट्रेमधली चकती तिने मोडली, ती कटकन वाजली. "नमुन्याले एवढा पुरते."

शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला. बोलत कमी होती, हसत जास्त होती. नागपूरच्या बाईंनी नमुना पसंत करून ठेवून घेतला होता. चार ओळी तिच्याकडेच राहणार, हे दौलतरावांनीही, नाइलाजाने का होईना, कबूल केलं होतं. "भाभी, पुढच्या हप्त्यापासून रोज चकत्यांचा एक घाणा काढता येईन का?"

पानाबाई जवळच बसल्या होत्या. "रोज नाही म्हण. अष्टमी-चतुर्दशीले मशीन बंद. पर्वाचे दिवस ते, जीव दुखवायचा नसते."

"बाई, आता हे काय नवीन?"

"नवीन नाही. आधी विचारलं नाही तुमी कोणी, म्हून सांगतलं नाही."

भाभींनी फोनवर हात ठेवला आणि पंपाकडे पाहिलं. काचेत तेल अजून तरी मधासारखं होतं. "सपना," मग हात काढून त्या म्हणाल्या, "थांब जरा. घरातल्या दोघांले विचारून सांगते, पंपाले अन् बाईले. एक माहं ऐकत नाही, अन् दुसरीले काही ऐकवता येत नाही."