श्रावणात हीटर

उखाभाऊ पाटलांना बोलताबोलता हाताशी येईल ती वस्तू दाबून पाहायची सवय होती. भाजीवालीच्या टोपलीतलं वांगं, दुकानातला पाव, एकदा तर माझ्या हातातली पिशवी. "बाई, आत तेलाची बाटली आहे आणि तिचं बूच सैल आहे," ते म्हणाले. घरी येऊन पाहिलं तर तसंच होतं.

ही सवय त्यांना रबरी नळ्यांनी लावली होती. अमळनेरकडून सुरतेला आल्यावर ते आधी भेस्तानच्या एका रंगाई कारखान्यात वाफेचे होज पाइप जोडत. पुढे कतारगामात पत्र्याची शेड टाकून मोटारी दुरुस्त करू लागले. मी जवळच्याच मराठी शाळेत शिकवत होते. त्यांची मयुरी माझ्या वर्गात होती, म्हणून त्या घरी माझं जाणंयेणं.

त्यांच्या हातातली सगळ्यात लाडकी गाडी ठाकोरभाईंची. ठाकोरभाई लूमचे मालक. त्यांच्या वडिलांनी घेतलेली बाटलीहिरवी हिलमन लूमच्या शेडशेजारी झाकून ठेवलेली असे. विलायतेत थंडी, म्हणून त्या गाडीत हीटर होता. थोरल्या शेठांनी तो पाहिला तेव्हा ते पोट धरून हसले होते. "सुरतमां हीटर? काढी नाखो!" उखाभाऊंनी काढला. इंजिनातून हीटरकडे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या अशा दोन्ही तोंडांना नळीचा एक तुकडा वळवून जोडला आणि वाट बंद केली. हीटरचा डबा मात्र त्यांच्याच्याने टाकवला नाही. गोणपाटात गुंडाळून तो आईच्या खाटेखाली सरकवला. आई, सरस्वतीबाई, दर दिवाळीला झाडू मारताना म्हणायच्या, "तो डबा फेकी दे ना भाऊ!"

त्या घरात दर श्रावणात कानबाई बसत असे. खानदेशातून सुरतेला येताना सरस्वतीबाईंनी देवीचा नारळ मांडीवर घेऊन रेल्वेचा प्रवास केला होता. रविवारी देवी बसायची, रोट व्हायचे, रात्रभर गाणी. सोमवारी सकाळी सरस्वतीबाई तो सजवलेला चौरंग डोक्यावर घेऊन तापीवर निघायच्या. त्यांच्या घरची रीत अशी, की एकदा उचललेला चौरंग नदीपर्यंत खाली टेकवायचा नाही आणि दुसऱ्याच्या हातीही द्यायचा नाही.

शहाण्णव साली त्यांचे गुडघे गेले. खाटेवरून उठायलाही सून अनुसया लागायची.

"आजी, रिक्षा करू," मयुरी म्हणाली.

"रिक्षामा मी दवाखानाले जास. कानबाईले कशी बसाडू?" मग लेकाकडे न पाहता त्या म्हणाल्या, "मनाकडथून नही जमनं, ते पुढला साल कानबाई मंगलाकडे जाई."

मंगलाबाई त्यांची धाकटी जाऊ, चार घरं सोडून राहणारी, चांगलीच बाई. पण उखाभाऊंचा चेहरा मी पाहिला. ते दाराची चौकट दाबून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी ते ठाकोरभाईंकडे गाडी मागायला गेले. शेठ नाही म्हणाले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, की बापुजींची गाडी आहे, इंजिन उकळून तडकलं तर असं इंजिन पुन्हा मिळायचं नाही.

इंजिनाचं कढत पाणी रेडिएटरात निवायला नेणाऱ्या-आणणाऱ्या जुन्या नळ्या पापडासारख्या तडकल्या होत्या. तशा वळणाच्या नव्या सुरतेत मिळत नव्हत्या. उखाभाऊंनी भेस्तानहून सरळ नळी आणली. पण वाकवली की ती चिमटायची, आणि खालची तर पंपाच्या ओढीनं चपटीच व्हायची. मग त्यांनी लूमच्या भंगारातून स्प्रिंगा निवडल्या आणि नळीच्या पोटात घातल्या. नळी वाकली आणि गोल राहिली.

मी शाळेतून येताना थांबले होते. "बाई, इथे हात ठेवा," ते म्हणाले. इंजिन चालू होतं, नळी मात्र गार होती. मी उभी राहिले. आणि मग एकाएकी तळव्याखाली ऊब आली, रेडिएटरकडे सरकत गेली. अंधाऱ्या माजघरातून कुणी अनवाणी चालत जावं तशी. मी हात काढलाच नाही. इतकी वर्षं मोटारी पाहत होते, पण त्यांच्या आत असं काही चालत असतं हे माझ्या हाताला त्या दिवशी कळलं.

पण मिरवणुकीत चालणाऱ्या बायकांच्या पावलानं गाडी चालवून पाहिली, तर गल्लीच्या वळणावरच बॉनेटमधून वाफ उसळली.

"उखाभाऊ, उकळलंय, चहा टाका!" पानवाला ओरडला.

नळ्या पक्क्या होत्या. कमी पडत होता वारा. "पळणारीला वारा मिळतो," उखाभाऊ बॉनेटशी उभे राहून म्हणाले. "चालणारीला कोण घालणार?"

 मग ते तडक घरी गेले आणि खाटेशी वाकले. "माय, जरा पाय वर घे."

"आते कसाले काढस तो डबा?"

डब्यात लहानसा रेडिएटर होता, पंचांगाएवढा. इंजिनातलं कढत पाणी त्यातून फिरतं आणि पंखा त्याची धग गाडीत फेकतो. म्हणजे गाडीला आणखी एक रेडिएटर होताच. तो सरस्वतीबाईंच्या खाटेखाली पडून होता. उखाभाऊंनी त्यात उलट्या बाजूनं पाणी सोडलं. आधी गेरूसारखं तांबडं आलं, मग चहासारखं, मग निवळ. बादलीत बुडवून तोंडानं हवा फुंकली, बुडबुडा आला तिथे कथलाचा डाग दिला, आणि ज्या नळीच्या तुकड्यानं आपणच वाट बंद केली होती, तो कापून काढून हीटर पुन्हा गाडीत जोडला.

सोमवारी सकाळी डफ वाजू लागला. सरस्वतीबाई मागच्या सीटवर, मांडीवर चौरंग, चौरंगावर नथ घातलेली कानबाई. शेजारी अनुसया. पुढे उखाभाऊंच्या बाजूला ठाकोरभाई, बापुजींच्या गाडीवर लक्ष ठेवायला, कडक इस्त्रीचा सफारी घालून. पुढे मागे आम्ही बायका गात चाललो होतो.

गाडी माणसासारखी चालत होती. मी तिच्या खिडकीला धरून चालले होते आणि खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती.

"उखाभाई, आ तो भठ्ठी छे!" ठाकोरभाईंची कॉलर भिजली होती.

"शेठ, इंजन को बुखार है. थोडा अपने को लेना पडेगा."

तापमानाचा काटा लाल रेघेच्या अलीकडे थांबला होता. दारोदारी आरतीसाठी थांबावं लागे. तेव्हा तो कापत कापत वर जाई, पंख्याची घरघर वाढे, आणि तो परत मागे येई. मी देवीकडे पाहीनाशी झाले, काट्याकडेच पाहू लागले.

नाक्यावर एक ट्रक आडवा अडकला होता. सगळं थांबलं. काटा रेघेला टेकला. आत अनुसया पदरानं सासूला वारा घालत होती, आणि सरस्वतीबाईंच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत उतरलं होतं. उखाभाऊंनी आरशात आईकडे पाहिलं. हीटर बंद केला तर इंजिन उकळणार, आणि आईला चौरंग दुसऱ्याच्या हाती द्यावा लागणार. चालू ठेवला तर आईच घेरी येऊन पडायची.

त्यांचा हात पंख्याच्या बटणावर गेला. "माय, बंद करू का? तुले तरास व्हस."

सरस्वतीबाईंनी डोळे उघडले. चौरंग घट्ट धरलेला, आणि पावलं त्या गरम वाऱ्याच्या तोंडाशी नेमकी लांब केलेली.

"बंद नको करू," त्या म्हणाल्या. "मना गुडघास्ले शेक भेटस."

अनुसयाचा पदर थांबला. ठाकोरभाईंना अहिराणी कळत नव्हती, पण उखाभाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून असे हसू लागले, की शेठही हसले. ट्रक हलला. काटा एक केसभर मागे आला.

तापी श्रावणातली, भरलेली, गढूळ. गावाकडूनच आलेलं पाणी. गाडीचं दार उघडलं तेव्हा बाहेरचा दमट वारा आम्हाला गार वाटला. मंगलाबाईंनी एका बाजूनं धरलं, अनुसयानं दुसऱ्या. चौरंग मात्र सरस्वतीबाईंच्याच हातात. शेकलेल्या गुडघ्यांनी त्या ओवाऱ्याच्या, म्हणजे नदीघाटाच्या, पायऱ्या एकेक करून उतरल्या, अगदी पाण्यापर्यंत.

उखाभाऊ वर गाडीपाशीच होते. बॉनेट उघडून त्यांनी नळीवर तळवा ठेवला होता, आणि पाहत होते आईकडे.

परतताना रस्ता मोकळा होता, गाडी पळू शकत होती. ठाकोरभाईंनी रुमालानं मान पुसली. "हवे तो हीटर बंध करो, भाई!"

"घर येऊ दे," मागून सरस्वतीबाई म्हणाल्या. "आन भाऊ, डबा आते गाडीमाच राहू दे. पुढला साल लागी."